पाहुण्यांचा चेंडू

आमच्या फेरीमेन या बेसबॉल संघाचा त्या हंगामातला पहिला सामना मला चांगला आठवतो, कारण तो आम्ही जिंकलो होतो. पुढचे सामने एकमेकांतून वेगळे काढणं कठीण आहे. पिचर चार डाव नीट चेंडू टाकायचा आणि पाचव्यात त्याला एकाएकी काय व्हायचं ते त्यालाच ठाऊक. मधला क्षेत्ररक्षक हातात आलेला चेंडू स्वतःच्याच बुटावर सोडायचा. आणि आमचे बॅटवाले! खांद्यावर बॅट ठेवून तिसरा चेंडूही नुसता बघायचे आणि बाद होऊन मान खाली घालून परत यायचे. मे महिना संपेपर्यंत आम्ही तळाला गेलो, आणि तिथून आम्हाला कुणी हलवू शकलं नाही. या एका बाबतीत आमच्या संघाची चिकाटी वाखाणण्याजोगी होती.

मी बर्नार्ड कुख्ता. सगळे बर्नी म्हणतात. पोर्ट हॅलोरनच्या बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं भट्टीसमोर उभा राहिलो, आता निवृत्त आहे. लग्न केलं नाही. गावात माझं नाव म्हणाल तर एवढंच, की मैदानाच्या डाव्या भिंतीमागे ज्या उघड्या फळ्या आहेत, तिथे तिसऱ्या रांगेत खांबापासून चौथी जागा माझी आणि पाचवी माझ्या बहिणीची, वांडाची. आम्हाला सगळे फळीवाले म्हणतात. तिथे डोक्यावर छप्पर नाही, टेकायला पाठ नाही, आणि तळ्यावरून येणारा वारा जूनमध्येही कोट घालायला लावतो.

वांडा माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती बेकरीत कामाला होती. पहाटे तीनला जायची आणि बाराला मोकळी व्हायची, त्यामुळे दुपारचे सामने तिचेच. अडतीस वर्षं ती तिथे बसली, डाव्या हातात आमच्या वडिलांचा चामड्याचा मोजा घालून. चेंडू उडून फळ्यांवर आला तर झेलायला. त्या मोज्याला ती दर मार्चमध्ये तेल लावायची आणि आत चेंडूच्या आकाराचा कांदा ठेवून दोरीने बांधायची, म्हणजे त्याला चेंडूची सवय राहील. मी म्हणायचो, "वांडा, मोज्याला सवय झाली कांद्याची. उद्या चेंडू आला तर घेणार नाही तो."

"तुझ्यासारख्याला घरात घेतलं, चेंडूला का नाही घेणार?"

वांडाचे नियम दोन. एक, सामना संपल्याशिवाय उठायचं नाही, मग आपण बारा धावांनी मागे असलो तरी. आणि दुसरा असा की पाहुण्या संघाने मारलेला चेंडू फळ्यांवर आला तर तो तसाच मैदानात परत फेकायचा. ज्याने आपल्याला मारलं त्याची आठवण घरात ठेवायची नाही. हा नियम सगळ्याच फळीवाल्यांचा, पण पाळून घ्यायचं काम वांडाचं. एकदा कुणी नवखा माणूस पाहुण्यांचा चेंडू कोटाच्या खिशात घालून बसला होता. वांडा छत्री घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. तो बिचारा दीड डाव तिच्या स्कर्टपलीकडे मान वाकडी करून सामना बघत होता, शेवटी कंटाळून त्याने चेंडू फेकला. मग ही जागेवर येऊन बसली आणि मला म्हणाली, "माणूस वाईट नाही. वळण नाही त्याला."

अडतीस वर्षांत तिने एकच चेंडू झेलला. तो पाहुण्यांचा होता. उभी राहिली, मोजा वर केला, आणि असा स्वच्छ झेलला की समोरच्या खुर्च्यांवरच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. तिने तो मोज्यातून काढला आणि श्वासही न घेता परत फेकला. परत येताना बसमध्ये मोजा मांडीवर होता आणि तिने आपला लाल झालेला तळवा उघडा धरला होता, आमच्या थांब्यापर्यंत तसाच.

त्या वर्षी फेब्रुवारीत वांडाला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं राहिलं. तिला सेंट हेडविगच्या नन्सनी चालवलेल्या निवासात ठेवावं लागलं, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या पलंगावर. हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा तिने डाव्या हाताने उशीखालून मोजा काढला आणि माझ्या छातीवर आपटला.

"तू ने," ती म्हणाली. मग बराच वेळ शब्द शोधत राहिली. "एक आण. आपला."

"आणतो," मी म्हणालो. "एक्क्याऐंशी सामने आहेत घरच्या मैदानावर. एक चेंडू नाही का मिळणार?"

एप्रिलमध्ये माणूस काहीही बोलतो.

दुपारचा सामना संपला की मी तिथून थेट बसने वांडाकडे जायचो. सात वाजता नन्स भेटायला आलेल्यांना हुसकावतात, त्यामुळे रात्रीचे सामने मी सोडले होते. मी दारात दिसलो की तिचा प्रश्न ठरलेला.

"आणलास?"

"नाही."

"किती?"

"सहा-एक."

"एक कुणाचा?"

"आपला. अजून कुणाचा असणार?"

मग ती अर्ध्या तोंडाने हसायची. नर्स लुसील मला सांगायची की वांडाबाई दुपारी दोन ते पाच गाढ झोपतात, म्हणून तुम्ही येता तेव्हा एवढ्या ताज्या असतात. तिचा मोठा रेडिओ कपाटावर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. सामन्यात काय झालं ते तिला मीच सांगायचो.

चेंडूचं म्हणाल, तर आमच्या संघाने त्या हंगामात सप्टेंबरपर्यंत फळ्यांवर दहा चेंडू मारले. सात रात्रीच्या सामन्यांत. दोन माझ्यापासून वीस जागा लांब. एक मे महिन्यात माझ्या रांगेत आला, पण मी तेव्हा सॉसेज घ्यायला खाली गेलो होतो. तो माझ्या शेजारच्या ऑर्व्हिल टेटला मिळाला, आणि त्याने तो आपल्या जावयाला देऊन टाकला. हे मला नंतर कळलं, तेव्हा मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नाही. अकरावा व्हायचा तो जुलैमध्ये हॅनराहनने मारला. आमच्या संघात ज्याला बॅट कुठल्या बाजूने धरायची ते ठाऊक आहे असा तो एकटाच. चेंडू सरळ माझ्याकडे येत होता. मी उभा राहिलो, मोजा पुढे केला. चेंडू भिंतीच्या माथ्यावर आपटला आणि मैदानात परत गेला. वीतभर कमी पडला.

"वीतभर!" मी ओरडलो. "अरे, सकाळी एक अंडं जास्त खाल्लं असतंस तरी चाललं असतं!"

"बर्नी, बस खाली," ऑर्व्हिल म्हणाला. "बाकीच्यांचे पाच-पाच हात कमी पडतात, तेव्हा तू गप्प असतोस." ऑर्व्हिल म्हणजे निवृत्त पोस्टमन. दोन गल्ल्या ऐकू जाईल असा आवाज, आणि पाहुण्यांचा चेंडू आला की "परत फेक!" ची पहिली आरोळी त्याची.

ऑगस्टमध्ये वांडाला दुसरा, लहान झटका आला. डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. तरुण माणूस, बोलताना माझ्या टोपीकडे बघत होता. टोपीवर फेरीमेनची होडी आहे.

"मिस्टर कुख्ता, पुढच्या एप्रिलच्या गोष्टी त्यांच्यासमोर फार करू नका," तो म्हणाला.

मी मान हलवली. आत गेलो तर वांडाने विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, आपला पिचर बदला."

त्यानंतर मला सामन्याचं काही वाटेनासं झालं. हरले काय, जिंकले काय. मी फक्त आमची फलंदाजी बघायचो, आणि बॅटचा आवाज झाला की आभाळाकडे. सप्टेंबर तसाच गेला. फळ्यांवर चाळीस माणसं उरली होती. संघ नव्व्याण्णव सामने हरला होता, आणि घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना राहिला होता, महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी. वर्तमानपत्रवाल्यांना शंभराचीच काळजी. मला एका चेंडूची होती.

त्या दिवशी वारा तळ्याकडून होता, म्हणजे आपल्याकडून मैदानात. असा वारा फळ्यांकडे येणारा चेंडू मागे ढकलतो. मी कोटाची कॉलर वर केली आणि मोजा हातात घालून पहिल्या डावापासून बसलो. सॉसेज घ्यायला गेलो नाही. लघवीलासुद्धा गेलो नाही. सातव्या डावाला पाहुणे आठ-एक असे पुढे होते आणि समोरच्या खुर्च्यांवरचे लोक घरी निघाले होते.

आठव्या डावात पाहुण्यांचा एक कोवळा खेळाडू आला. त्याचं नाव फलकावर पहिल्यांदाच लागलं होतं. आमच्या पिचरने त्याला छातीच्या उंचीवर असा चेंडू दिला, की मीसुद्धा मारला असता. आवाज ऐकूनच मी उठलो. चेंडू वर गेला, वाऱ्याने त्याला अडवलं, आणि तो खाली यायला लागला, सरळ माझ्याच डोक्यावर. मी काही केलं नाही. मोजा वर धरला, एवढंच. फट्टकन आवाज आला आणि तळवा आतून पेटला.

झेलला. वडिलांच्या मोज्यात, वांडाच्या मोज्यात, पांढरा करकरीत चेंडू.

"परत फेक!" ऑर्व्हिल. आणि मग चाळीस जण, पाय फळ्यांवर आपटत, "परत फेक! परत फेक!"

मी चेंडू काढला. हात मागेसुद्धा नेला. अडतीस वर्षांचं वळण आहे, हात आपोआप जातो. आणि तिथेच मी थांबलो. मला वाटलं, आमचे दोन डाव राहिलेत, सहा जण येतील आणि सहाही बॅट खांद्यावर ठेवून परत जातील. मग हंगाम संपला. मग मी मोकळ्या हाताने तिच्या दारात उभा राहणार आणि ती विचारणार, आणलास? आणि पुढचा एप्रिल मी कुठून आणू?

मी चेंडू कोटाच्या खिशात घातला.

आरोळ्या एकदम थांबल्या नाहीत. आधी हसू आलं लोकांना, त्यांना वाटलं बर्नी थट्टा करतोय. मग ओरडणं वाढलं, मग शिट्ट्या आल्या.

"बर्नी," ऑर्व्हिल हळू आवाजात म्हणाला. त्याचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "फेक रे बाबा. तू असं करतोयस?"

"वांडासाठी हवाय."

"वांडासाठी?" तो म्हणाला. "वांडा इथे असती तर छत्री घेऊन उभी राहिली असती तुझ्यासमोर."

"ती इथे नाही ना!" मी त्याच्यावर ओरडलो. "तुझ्या जावयाला आपला चेंडू दिलास तेव्हा आठवली का वांडा?"

तो उठला आणि दोन रांगा खाली जाऊन बसला. मग मलाही तिथे बसवेना. सगळ्यांच्या नजरा खिशावर. मी उठलो आणि जिना उतरून बाहेर आलो. आमचा आठवा आणि शेवटचा नववा डाव बाकी होता. आयुष्यात पहिल्यांदा मी सामना संपायच्या आत मैदान सोडलं. चाळीस मिनिटं बसच आली नाही, रविवार होता. बसमध्ये मी खिशात हात घालून चेंडूच्या शिवणीवरून बोट फिरवत होतो आणि काय सांगायचं ते जुळवत होतो.

वांडा उशीला टेकून बसली होती. मी आत आलो, पण तिने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी मोजा तिच्या मांडीवर ठेवला आणि चेंडू त्यात ठेवला.

तिने आधी त्याला हात लावला नाही. मग उचलला, नाकाशी नेला, वास घेतला. गालाला लावला, ज्या गालाला अजून कळतं त्या. डोळे मिटले. मला वाटलं, झालं, केलंस ते बरं केलंस, बर्नी, देवाला काय उत्तर द्यायचं ते देऊ नंतर.

"कुणाचा?" तिने विचारलं.

"आपला. हॅनराहनचा." दुसरं कुणाचं नाव सांगणार? त्या संघात कुणावर विश्वास बसला असता?

"कितवा डाव?"

"आठवा."

तिचं बोट शिवणीवर फिरत होतं. मग तिने चेंडू मांडीवर ठेवला, डावा हात उशीखाली घातला आणि एक छोटा ट्रान्झिस्टर बाहेर काढला, कानात घालायच्या वायरसकट. पाठोपाठ कागद काढले. सामन्यांच्या नोंदीचे तक्ते, डाव्या हाताने भरलेले, शाळेत नुकत्याच घातलेल्या पोराच्या अक्षरात. एप्रिलपासूनचे. दुपारच्या सगळ्या सामन्यांचे. आपण गाढ झोपतो असं सांगायला तिनेच लुसीलला शिकवलं होतं, म्हणजे मी येऊन सगळं पहिल्यापासून सांगेन.

सगळ्यात वरच्या तक्त्यावर तिने बोट ठेवलं.

"आठवा. त्यांचा," ती म्हणाली. "रेडिओवाला म्हणाला, म्हातारा. मोजा घातलेला. फेकत नाही." तिने श्वास घेतला. "लोक ओरडतात. ऐकू आलं मला."

मी टोपी काढून हातात धरली.

बोट खाली सरकलं. "नववा. हॅनराहन." तिथे तिने छोटा चौकोन काढून आतून गिरवला होता. खेळाडूचा धावेचा फेरा पूर्ण झाला की असा चौकोन गिरवतात. "फळ्यांवर. तिसरी रांग. रेडिओवाला म्हणाला, तिथे कुणी नव्हतं. फळीवर आपटला, खाली पडला. फटीत." ती माझ्याकडे बघत होती. "बर्नी. तू कुठे होतास?"

"बसथांब्यावर," मी म्हणालो.

मी रडलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. बासष्ट वर्षांचा माणूस पलंगाच्या लोखंडी कठड्याला धरून रडत होता, आणि ज्या संघाने आयुष्यभर माझी पाठ सोडली नाही, त्याला मी मनातल्या मनात येतील तेवढ्या शिव्या देत होतो. सगळा हंगाम निजले होते लेकाचे. मी जागेवरून उठायची वाट बघत होते.

वांडाने मला रडू दिलं. मग म्हणाली, "खिडकी उघड."

"वांडा, राहू दे. ठेव ना. कुणाला कळणार आहे?"

"मला."

"मी फेकतो मग. तू कशाला?"

"तू नाही फेकलास," ती म्हणाली. "उघड."

मी खिडकी वर सरकवली. खाली डॉक्टरांच्या गाड्या उभ्या होत्या आणि तळ्याचा वारा सरळ आत आला. वांडाने डाव्या हातात चेंडू धरला. त्या हातात तिने आयुष्यभर मोजा घातला होता, त्याने फेकलं कधीच नव्हतं. पहिल्यांदा चेंडू तिच्याच पांघरुणावर पडला. दुसऱ्यांदा खिडकीच्या चौकटीला लागून पलंगाखाली गेला, आणि मला गुडघ्यांवर बसून तो शोधावा लागला.

"लवकर. नन येईल," ती वरून म्हणाली.

"येऊ दे. तिला सांगतो, पाहुण्यांचा आहे."

ती हसली, अर्ध्या तोंडाने. तिसऱ्यांदा मी तिच्या पाठीला हात देऊन तिला उचलून धरलं, आणि तिने तो फेकला. बाहेर गेला. कुठल्या तरी गाडीवर आपटल्याचा आवाज आला. वांडा माझ्या हातावर मागे रेलली, धापा टाकत, आणि तिने आपला डावा तळवा उघडा करून पांघरुणावर ठेवला.

धाप कमी झाल्यावर ती म्हणाली, "एप्रिल. तिथेच बस. शेवटपर्यंत."

"बसू ना," मी म्हणालो. "दोघंही बसू."

तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "खोटारड्या," ती म्हणाली. "एका दिवसात किती?"

वांडा जानेवारीत गेली. मार्चमध्ये मी मोज्याला तेल लावलं, कांदा बांधला, आणि एप्रिलच्या पहिल्या सामन्याला चौथ्या जागेवर जाऊन बसलो. पाचवी जागा ऑर्व्हिलने कुणाला घेऊ दिली नाही. नवव्या डावापर्यंत थंडीने माझी बोटं बधिर झाली होती आणि फळ्यांवर आम्ही दोघंच उरलो होतो. एकही चेंडू आमच्याकडे आला नाही. आम्ही दहा-दोनने हरलो, आणि शेवटचा माणूस बाद होईपर्यंत मी जागेवरून उठलो नाही.